सरकीची पंगत

कापसाची जिन बंद पडली त्या वर्षी आमच्या घरात कोणालाच धड झोप लागेना. लोकांची झोप आवाजानं उडते, आमची आवाज नसल्यानं उडाली. आमचं घर जिनच्या आवारातच होतं, कळंबच्या वस्तीपासून थोडं बाजूला. बाबा तिथले दिवाणजी आणि घर नोकरीसोबत मिळालेलं. दिवाळी झाली की रेचे सुरू व्हायचे आणि कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या त्या यंत्रांची धडधड होळीपर्यंत भिंतीतून, खाटेतून, पाण्याच्या माठातून चालू राहायची. माठावरची थाळी सारखी थरथरायची म्हणून आई तिच्यावर खलबत्त्यातला बत्ता आडवा ठेवायची. जेवताना आम्ही ओरडूनच बोलायचो. नागपूरची मावशी एकदा राहायला आली तर तिला वाटलं, या घरात रोज भांडणं होतात. मग कापसाचं बिनसलं. बोंडं आली ती अळीनं पोखरलेली, भाव पार बसला, आणि रस्त्यापर्यंत लागणारी बैलबंड्यांची रांग फाटकाच्या आतच संपू लागली. मालकांनी नागपुरात दुसरा काहीतरी धंदा काढला, किल्ल्यांचा जुडगा बाबांच्या हातात दिला आणि ‘लक्ष ठेवा’ म्हणून निघून गेले. पुढच्या दिवाळीनंतर रेचे सुरू झालेच नाहीत. मी यवतमाळला होस्टेलवर राहून बी.ए. करत होते, ते परवडेना म्हणून परत आले, तर घरात सगळे कुजबुजल्यासारखे बोलत होते.

शांतता काय असते ते मला तेव्हा कळलं, आणि ती मला मुळीच आवडली नाही. जिनचा मोठा हॉल रिकामा झाला होता, पण रूई अशी सहजासहजी जागा सोडत नाही. पत्र्याला आधार देणाऱ्या कैच्यांवर, तारांवर, कोळिष्टकांवर ती चिकटून लोंबत होती आणि वारा नसतानाही हलत असायची. त्या हॉलमध्ये आवाज घुमत नसे. रिकाम्या जागेत तो घुमायला हवा ना? तिथं शब्द तोंडातून निघाला की कोणी उशीखाली दाबावा तसा बसून जायचा. बाबा रोज दिवेलागणीच्या आधी आत एक चक्कर मारून यायचे. काय पाहायला जायचे देव जाणे, चोरण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं. आल्यावर हातपाय धुवायचे आणि ताट वाढेपर्यंत कोणाशी अक्षर बोलायचे नाहीत. हेच बाबा पूर्वी जेवताना ओरडून ओरडून गमती सांगायचे आणि स्वतःच हसून ठसका लावून घ्यायचे. काम गेलं की माणूस असा होतो, असं मी धरून चालले होते.

अशात कुसुमआत्या आली. बाबांची धाकटी बहीण, वणीला दिलेली. एका दुपारी कोळशाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आली, हातात एक पत्र्याची पेटी, आणि नाकाखाली कोळशाच्या धुळीची काळी मिशी उमटलेली. मला हसू फुटलं, तीही हसली, आणि मग आईच्या गळ्यात पडून हमसून रडली. वणीला काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिचा डावा हात कोपरात सरळ होत नव्हता, मला तेवढं पुरलं. आत्या डी.एड. झालेली होती, लग्नाआधी तिनं शाळेत शिकवलं होतं, आणि तिचा जीव अडकलेला कशात, तर गणितात. बाबांची ती लाडकी होती. पण गावात राहायचं म्हणजे लोकांची तोंडं असतातच. आठवडाभरानं बाबा तिला म्हणाले, “कुसुम, जो भेटतो तो विचारून राहिला, बहीण काहून आली? मी काय सांगू? काही काम दाखव. संक्रांतीपर्यंत पाहतो. तुझं काही बसलं तर राहा इथंच, कोणाची हिंमत नाही बोलायची. नाही तर मीच वणीला नेऊन सोडतो, त्यांच्या पाया पडतो.” आत्या म्हणाली, “त्यांच्या पाया मी पडून झाले दादा. तू नको पडू.” पण बाबांनी शब्द मागे घेतला नाही. मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून सगळा गेलेला नाही.

आवाराच्या मागे जिनच्या मजुरांची वस्ती होती. बाया इथं रेजा म्हणून कापूस वाहायच्या. आता काहीजणी शेतात जात, काहीजणी नुसत्या दारात बसून राहत, आणि पोरं दिवसभर मोकाट. आत्यानं त्यांना पाढे विचारले तर त्यांनी पंधरापर्यंत खणखणीत म्हणून दाखवले. मग ती एकीला म्हणाली, जा, त्या ढिगातून मला सात काड्या आणून दे. पोरगी गेली आणि कवेत मावतील तेवढ्या घेऊन आली. आत्या घरी येऊन मला म्हणाली, “शालू, पाढे यांच्या तोंडात आहेत, हातात एकही नाही.” दुसऱ्या दिवशी तिनं बाबांकडे हॉलची किल्ली मागितली. बाबा म्हणाले, तिथं नको, देवळाच्या ओवरीत घे, झाडाखाली घे. आत्या म्हणाली, थंडी पडायला लागली आहे, पोरं झाडाखाली काकडतील. बाबांनी किल्ली दिली, पण ती देताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

त्या हॉलमध्ये आत्यानं जे उभं केलं त्याला वर्ग म्हणायला माझी जीभ वळत नाही. फळा नव्हता, पाटी नव्हती. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, काड्या एका मापाच्या तोडून घेतल्या. दहा काड्या सुताडीनं बांधल्या की जुडी, दहा जुड्या बांधल्या की भारा. वीसमधून सात काढायचे तर जुडी सोडावीच लागते. ती सोडताना पोरांच्या तोंडावर जे उमटायचं ते बघण्यासाठी मी कामं टाकून तिथं जायची. जिनमधल्या शब्बीरभाई मेकॅनिकनं रूईच्या गाठी आवळायच्या लोखंडी पट्ट्यांचे लहान-मोठे तुकडे कापून दिले, एकाचा तुकडा, दोनाचा तुकडा, असे दहापर्यंत, आणि लागू नये म्हणून कडा कानशीनं घासून दिल्या. साताच्या तुकड्याला तीनाचा लावला की दहाच्या बरोबर. पोरं पुन्हा पुन्हा लावून पाहायची, जणू उद्या बदलेल. चिंचोके एका बाजूनं घासून फासे केले होते. कोणाचं उत्तर चुकलं तर आत्या ‘चूक’ म्हणत नसे. म्हणायची, कसं काढलं ते आम्हाला दाखव. मग तो दाखवायचा, बाकीचे आपापल्या काड्या मांडून पाहायचे, वाद घालायचे, आणि उत्तर सगळ्यांचं मिळून व्हायचं. दुपारनंतर बायाही येऊन बसू लागल्या. एकीला भागाकाराचं असं वेड लागलं की ती घरी भाकरीसुद्धा मोजूनमापून वाटते, अशी तिच्या नवऱ्याची तक्रार होती. आता मी तेव्हाच्या आत्यापेक्षा कितीतरी मोठी झाले. माझ्या नातीला गणिताचे रंगीत ठोकळे खोक्यातून विकत येतात, चांगले असतात, पण ते एकटीनंच खेळते ती पोर. तिच्याशी वाद घालायला शेजारी कोणी नसतं, याचं मला वाईट वाटतं.

शेवटचा खेळ म्हणजे पंगत. बारदान्याच्या पट्ट्या अंथरून पोरं रांगेनं, मांडीला मांडी लावून बसायची. मी आणि आत्या परातीत मोजून सरकी घ्यायचो, मुलं सतरा तर एकशे सत्तर बिया, एक कमी नाही, एक जास्त नाही. वाढपीण ठरलेली होती, शब्बीरभाईंची नसरीन, दहा वर्षांची, चुणचुणीत, चालताना परकराचा ओचा खोवणारी. ती परात घेऊन एकेकासमोर थांबायची. समोरचा मोठ्यानं मोजत आपल्या दहा बिया घ्यायचा आणि ती पुढे सरकायची. पंगतीचा नियम आपल्या घरचाच, सगळ्यांना वाढून होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मग आत्या म्हणायची, हं, चला, आणि दहाच्या जोड्या करा, चारचे ढीग करा, तीनचे करून पाहा, असं सुरू व्हायचं. संपल्यावर आई उकडलेल्या तुरीच्या शेंगा पाठवायची, वरून मीठ. शेंगा खाताना पोरांचा कलकलाट व्हायचा आणि तो ऐकून मला वाटायचं, बरं झालं, जिन पुन्हा सुरू झाली.

पंगतीत पहिल्यांदा कमी पडलं त्या दिवशी कोणाला काही वाटलं नाही. रांगेच्या टोकाला बसलेल्या पोराला पाचच बिया मिळाल्या. आत्या म्हणाली, शालू, तू मोजताना गप्पा मारतेस. दुसऱ्या दिवशी मी तोंड मिटून मोजलं, आत्यानं पुन्हा मोजलं. शेवटच्याला पाच कमी. तिसऱ्या दिवशी आम्ही दहा-दहाचे ढीग मांडून, ते ढीग मोजून, मग परातीत ओतले. पाच कमी. दुसरं कोणी असतं तर मूठभर जास्त टाकून मोकळं झालं असतं. आत्याचा स्वभाव तसला नव्हता. ती हसून म्हणाली, “भूत असतं तर त्यानं मूठ मारली असती. हे नेमके पाचच घेतं. शिकलेलं दिसतं.” आम्ही दोघी हसलो. पोरांपैकी कोणीच हसलं नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, कारण एरवी ती पोरं आत्या शिंकली तरी हसायची.

मग मला इतर गोष्टीही जाणवू लागल्या. सगळे मिळून पाढा म्हणायचे आणि थांबायचे, तेव्हा एक बारीक आवाज थोडा मागून यायचा, शेवटचा आकडा एकदा जास्त म्हणून मग गप्प व्हायचा. आत्या म्हणाली, वर पारवे आहेत. पारवे होतेच. पण पारवा मला माहीत नाही का? संध्याकाळी ऊन तिरपं होऊन दारातून आत आलं की रूईचे तंतू उजळून निघायचे आणि पोरांच्या सावल्या मागच्या भिंतीवर रांगेनं पडायच्या. त्या सावल्या मोजायचा मला मोह व्हायचा, आणि मी एकदाही मोजल्या नाहीत. माझी हिंमत झाली नाही, सरळ गोष्ट आहे. बाबा त्या वेळेला चक्कर मारायला यायचे ते आता दारातच थांबायचे, उंबऱ्याच्या आत पाय टाकत नसत.

एका दुपारी आत्या धावत घरात आली, “सापडलं! भूत सापडलं!” तिनं काही पोरांना आपापसात ज्वारी मोजताना ऐकलं होतं. आमच्याकडे धान्य मोजणारा मापारी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो, बरकत यावी म्हणून. वर्गातली पाच पोरं मापाऱ्यांच्या घरची होती. आत्याचं म्हणणं असं की ही पाच पोरं पहिल्या बीला लाभ म्हणतात, मग पुढच्या बीला एक म्हणतात, आणि दहावर पोचेपर्यंत प्रत्येकाच्या हातात अकरा बिया जातात. पाच पोरं, पाच बिया. इतका सुरेख हिशोब जुळला की मीही टाळ्या वाजवल्या. आई मात्र चुलीवरचे कढीगोळे ढवळत बसली, तिनं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी आत्यानं सगळ्यांना बजावलं, लाभ घरी, इथं पहिला एकच. सगळ्यांनी एकपासून मोजलं, मी प्रत्येकाच्या पुढ्यात वाकून पाहिलं, कोणाकडेही अकरा नव्हत्या. नसरीन शेवटच्या पोराजवळ पोचली आणि त्यानं उरलेल्या बिया मोजल्या. चार होत्या. आज सहा कमी पडल्या होत्या.

“वाढलं,” आत्या इतक्या हळू बोलली की मला एकटीलाच ऐकू आलं. मी तिचा हात धरला तर तो गार पडलेला. घरी येऊन तिनं शांतपणे सांगितलं की मापाऱ्यांची पोरं लाभ म्हणून पुढे दोनच म्हणत होती, तिचा शोध चुकीचा होता.

ही गोष्ट वस्तीत जायला वेळ लागला नाही. जिनमध्ये काहीतरी आहे आणि ते वाढून राह्यलं, असं बाया नळावर बोलू लागल्या. दुपारी येणाऱ्या बाया आधी बंद झाल्या. पोरं मात्र येत होती, घरच्यांनी मारलं तरी मागच्या भिंतीवरून उड्या मारून येत होती. संक्रांत तोंडावर आली होती. आई तीळ निवडायला बसली की आत्या उठून दुसऱ्या खोलीत जायची. वणीचं नाव घरात कोणी काढत नव्हतं, पण तिनं पेटी खाटेखालून बाहेर काढून ठेवलेली मी पाहिली. वर्ग मोडला की ती जाणार, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. 

शेवटी आत्या म्हणाली, आज वाढायला मी. नसरीन काहीतरी बोलणार होती, पण तिनं परात मुकाट्यानं दिली. आत्या एकेकासमोर थांबत गेली. मी मागून पाहत होते आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की मांडीला मांडी लावून बसलेल्या त्या रांगेत खांबाजवळ थोडी जागा सोडलेली आहे. एक लहान मूल बसेल एवढी. आत्या ती जागा ओलांडून पुढे गेली. टोकाच्या पोरानं आपल्या बिया मोजल्या, दहा. परात रिकामी, हिशोब चोख. आत्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ती म्हणाली, “हं, चला!” आणि एकाही पोरानं सरकीला हात लावला नाही.

“काय झालं? मांडा ना.”

कोणी हलेना. सगळ्या माना खाली. शेवटी नसरीनची धाकटी बहीण अंगठा तोंडातून काढून म्हणाली, “आत्या, बेबीले नाई वाढलं.”

“कोणती बेबी?”

“गयाबाईची.”

गयाबाई मला माहीत होती, रेजा होती, तिची पाचेक वर्षांची पोरगी सदा तिच्या पदराला धरून असायची. मी म्हटलं, “अगं, ती तर महागावला गेली ना, मामाकडे? बाबाच म्हणाले होते.” पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठ्या माणसाला वाईट बातमी सांगताना आपण पाहतो तसं.

“गयाबाई गेली,” नसरीन म्हणाली. “बेबी कुठी नाई गेली. ते इथंच हाय.”

त्या संध्याकाळी जेवताना आत्यानं विचारलं. बाबा भरल्या ताटावरून उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. सांगितलं ते आईनं. थंडीत रेजा बाया आपली पोरं कापसाच्या गंजीत निजवायच्या. उबदार असतं, मऊ असतं, वर्षानुवर्षं सगळ्या करत आल्या. मी स्वतः लहानपणी तिथं झोपलेय. जिनच्या शेवटच्या हंगामात बेबी अशीच गंजीच्या पायथ्याला झोपली होती. कापसानं भरलेल्या बंड्या येऊन गंजीशी उभ्या राहिल्या. बाबा म्हणाले, ओता. गयाबाई संध्याकाळी हाका मारत हिंडली, लोक म्हणाले असेल इथंच कुठं, खेळत. दुसऱ्या दिवशी गंजी हलवली तेव्हा ती सापडली, झोपली होती तशीच, अंगाला एक ओरखडा नाही. मालकांनी गयाबाईला काहीतरी देऊन भावाकडे महागावला पाठवलं आणि सगळ्यांनी एकच सांगायचं ठरलं. मी होस्टेलवर होते, आत्या वणीला. आम्हालाही तेच सांगितलं गेलं.

आत्या ओट्यावर गेली. मी दाराआड उभी होते.

“मी विचारलं होतं कुसुम,” बाबा म्हणत होते. “ओतायच्या आधी विचारलं होतं, खाली कोणी आहे का. मोठ्यानं विचारलं होतं.”

“त्या धडधडीत कोणाला ऐकू आलं दादा?”

बाबा किल्ल्यांचा जुडगा चाळत राहिले.

“गाठी मोजत होतास, पोती मोजत होतास,” आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. “पोरं मोजायची होतीस रे.”

मग बाबा उठले. “उद्यापासून हॉलला कुलूप. संक्रांतीची वाट पाहायची गरज नाही. परवाच्या गाडीनं मी तुला वणीला सोडतो.” आवाज कोरडा होता, ओळखू येत नव्हता. आत्यानं वाद घातला नाही. ती आत आली आणि पेटीत लुगडी भरू लागली. मी तिला म्हटलं, मी बाबांशी बोलते. ती म्हणाली, “नको. तो मला घालवत नाही आहे, तो तिथून पळून राहिला.” ती हे म्हणाली तेव्हा मला बाबांची पहिल्यांदा दया आली, रागाच्या बरोबरीनं.

दुसऱ्या दिवशी बाबा दुपारी कुलूप घेऊन निघाले. मी मागोमाग गेले. आत पोरं नेहमीसारखी पंगतीला बसलेली होती, सतराच्या सतरा, आणि खांबाजवळची जागा सोडलेली. आत्या परात घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, “लाव कुलूप. पण पोरं बसली आहेत दादा. बसलेली पंगत उठवायची नसते. एवढं वाढ आणि मग लाव.”

बाबा थबकले. आमच्या आजोबांच्या तेराव्याला मंडपाला आग लागली होती तरी त्यांनी पंगत पूर्ण जेवू घातली होती, असे ते बाबा. पंगत उठवणं त्यांच्या हातून होण्यासारखंच नव्हतं, हे बहिणीला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी कुलूप उंबऱ्याशी ठेवलं, परात घेतली आणि त्या हॉलमध्ये पाय टाकला. पहिल्या पोरानं दहा मोजले. दुसऱ्यानं. बाबा वाकायचे, सरकायचे. कोणी खाकरतही नव्हतं आणि वर लोंबणारी रूई अगदी स्थिर होती, मी मुद्दाम पाहिलं. खांबापाशी आल्यावर बाबा थांबले. रिकाम्या बारदान्याकडे ते पाहत राहिले. मला वाटलं आता परात टाकून निघून जातील. त्यांचे ओठ हलले, मग आवाज आला. “बेबी,” ते म्हणाले. मग गुडघे टेकून खाली बसले, परातीत हात घातला आणि मूठभर बिया काढून तिथं ठेवू लागले.

नसरीननं त्यांचं मनगट धरलं. “दिवानजी, येवढ्या नाई,” ती हळूच म्हणाली, झोपलेल्या कोणाजवळ बोलावं तशी. “मोजता येते तेवढंच द्या लागते. तिले पाचपरेंतच येत होतं. आता आमी सहा शिकवलं.”

बाबांची मूठ उघडीच राहिली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी एक बी ठेवली, “एक.” दुसरी ठेवली, “दोन.” तीनला सगळी पोरं त्यांच्याबरोबर म्हणू लागली. सहा म्हणून सगळे थांबले. त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच मी श्वास रोखून ऐकत राहिले, मागून आणखी एक आवाज येतो का म्हणून, आणि तो आला की नाही हे मी आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही.

बाबांनी उरलेल्या बिया परातीत परत टाकल्या. नसरीनकडे पाहून विचारलं, “आन् सात कधी शिकवता?”

“उद्या,” नसरीन म्हणाली.

बाबांनी आत्याकडे पाहिलं. मग ते पुन्हा नसरीनकडे वळले आणि म्हणाले, “बरं. उद्या शिकवा.”